मोत्याचं चित्र काढू या

फुलसावंगी हे यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातलं गाव. पैनगंगेपलीकडे नांदेड जिल्ह्यात माहूर आहे. तिथली रेणुकामाता आणि दत्तशिखर जवळ असल्यामुळे या मुलखात दत्ताची तसबीर पुष्कळ घरांत दिसते: तीन शिरं, सहा हात, मागे गाय आणि पायाशी चार कुत्रे. ते चार कुत्रे म्हणजे चार वेद, असं आपल्याला लहानपणीच सांगितलेलं असतं. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या रंगीत छापील चित्रांनी देव घराघरांत पोहोचवले आणि दत्ताबरोबर त्याचे कुत्रेही आले. रोज आपण त्यांना हळदकुंकू वाहतो, पण त्यांच्यातल्या एकाचा तरी चेहरा कसा आहे, हे कुणी निरखून पाहत नाही.

आपल्याकडे कुत्रा चित्रात आला तो कायम कुणाच्या तरी सोबतीला. १९७४ मध्ये तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला ताम्रपाषाणकाळातली धातूची शिल्पं सापडली. त्यात दोन बैल जुंपलेला रथ आहे, रथात माणूस उभा आहे आणि रथाच्या दांड्यावर एक कुत्रा. आपल्या मातीतली कुत्र्याची इतकी जुनी प्रतिमा, तीही गाडी-बैलांच्या संगतीतली! खंडोबाच्या मूर्तीत घोड्याजवळ कुत्रा असतो. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याला मात्र वेगळा मान मिळाला. त्याने वाघापासून महाराजांचा जीव वाचवला, असं सांगतात, आणि संगम माहुलीला त्याची समाधी आहे. एखाद्या कुत्र्याची त्याच्या नावाने आठवण ठेवण्याचं आपल्याकडचं हे मोठं उदाहरण. टपाल खात्याने ९ जानेवारी २००५ रोजी भारतीय कुत्र्यांची चार तिकिटं काढली. त्यात घोरपड्यांच्या संस्थानामुळे नावाजलेला मुधोळ होता. गावठी कुत्र्याला तिथेही जागा नव्हती.

हा लेख त्या गावठी कुत्र्यासाठी आहे. पारावर झोपणाऱ्या, शेतात राखणीला जाणाऱ्या, शिळ्या भाकरीवर वाढलेल्या मोत्यासाठी, शेरूसाठी. त्याचं व्यक्तिचित्र काढायला जलरंगाइतकं योग्य माध्यम नाही, असं माझं ठाम मत आहे.

याचं पहिलं कारण म्हणजे जलरंग आपल्या ओळखीचे आहेत. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतली मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसतात, स्थिरचित्र आणि स्मरणचित्र रंगवतात. दांडेकरांची कॅम्लिन १९३१ मध्ये सुरू झाली आणि तिच्या ‘कॅमल’ रंगांनी मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांच्या हातात ब्रश दिला. वर या माध्यमाची थोर परंपराही आपल्याच अंगणात आहे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान रंकाळा आणि कोटीतीर्थाच्या परिसरात जलरंगात निसर्ग टिपत राहिले. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम हळदणकर यांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. बोटांवर पडलेला तो उजेड पाहणाऱ्या अनेकांना तैलरंगातला वाटतो, पण ते जलरंग आहेत.

दुसरं कारण कुत्र्याच्या स्वभावात आहे. कुत्रा बसून राहत नाही. तैलरंग सुकेपर्यंत तो गावाला दोन चकरा मारून येतो. जलरंगात मात्र एका ओल्या हाताने, वॉशने, पाठीचा सगळा बाक पकडता येतो. त्यातून दुपारी तो झोपलेला असताना गाठला, तर तेवढा वेळ पुरतो.

शिकवण्याच्या पुस्तकांत बहुतेक चित्रं लांब केसांच्या परदेशी कुत्र्यांची असतात. ती पाहून शिकणारा केस न् केस काढत बसतो. आपला गावठी कुत्रा आखूड केसांचा, अंगाने सडपातळ. त्याच्या कातडीखालून फासळ्या, खांद्याचं हाड, मागच्या पायाचा स्नायू स्पष्ट दिसतो. म्हणून त्याला केसांनी नव्हे, घडणीने रंगवायचं. आधी पेन्सिलीने हलका आराखडा: पाचरीसारखं डोकं, ताठ कान, वर वळलेली शेपटी. मग पिवळसर अंगासाठी यलो ऑकरमध्ये थोडा बर्न्ट सिएना कालवून एकच मोठा वॉश. तो ओला असतानाच पोटाकडच्या आणि मानेखालच्या भागात अल्ट्रामरीन सोडला की रंग आपोआप पसरतो आणि गोलाई येते. वॉश पुरता वाळल्याशिवाय दुसरा थर देऊ नये. अर्धवट ओल्या जागी ब्रश लावला की डाग पडतात. केसांचा पोत दाखवायचाच असेल, तर मानेवर आणि शेपटीखाली कोरड्या ब्रशचे मोजके फटकारे पुरतात.

काळ्या कुत्र्याला डबीतला काळा रंग लावू नये, चित्र मरतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घट्ट मिसळले की जिवंत काळा मिळतो. निळा जास्त घेतला तर उजेडातली चकाकी, तांबूस जास्त घेतला तर उन्हाने विटलेली पाठ. पांढऱ्या कुत्र्यात पांढरा म्हणजे कोरा कागद. त्याच्या पोटावर अंगणाचा रंग परावर्तित होतो. सारवलेलं अंगण असेल तर हिरवट-तपकिरी छटा दिसते, आणि ती टिपली की कुत्रा जमिनीवर नीट उभा राहतो. ऊन मागून येत असेल तर कानाची पातळ कड लालसर उजळते. तो रंग पहिल्याच थरात ठेवायचा, वरून थापायचा नाही.

सगळ्यात जास्त वेळ डोळ्यांना द्यावा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासात आढळलं, की भुवईची आतली बाजू वर उचलणारा स्नायू कुत्र्यात चांगला वाढलेला असतो, त्याच्या नात्यातल्या लांडग्यात मात्र तो नावापुरताच असतो. माणसाच्या सहवासात घडलेला तो बदल असावा, असं अभ्यासकांचं मत आहे. भाकरी मागताना मोत्या जसा पाहतो, ते याच स्नायूचं काम. म्हणून भुवईच्या आतल्या टोकाचा चढ अचूक पकडावा. बुबुळात तपकिरी रंग वर गडद, खाली फिकट. वरच्या पापणीची सावली त्याच्यावर पडलेली. चमकेचा ठिपका कोऱ्या कागदाचा. ओल्या नाकावरही असाच कोरा तुकडा सोडावा. मिश्या शेवटी, अगदी बारीक ब्रशने, नाहीतर वाळलेला रंग ब्लेडच्या टोकाने खरवडून.

पाहून शिकण्यासाठी एक चित्र सुचवतो. आल्ब्रेख्त ड्यूररने १५०२ मध्ये जलरंगात काढलेला ससा व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. खाली तपकिरी वॉश, वर गडद आणि अपारदर्शक पांढऱ्या रंगाच्या बारीक रेषा. पाचशे वर्षांनीही तो आत्ता उडी मारेल असा दिसतो.

कागदाबद्दल बोलल्याशिवाय यवतमाळच्या माणसाला पुढे जाता येत नाही. जलरंगाचा उत्तम कागद कापसाचा असतो. कापसाचा तंतू पाणी पितो आणि रंग पुसून पुन्हा उचलू देतो. लाकडाच्या लगद्याचा पातळ कार्ट्रिज दुसऱ्या वॉशला लाटा घेतो. इतका कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातली मुलं त्याच पातळ कागदावर शिकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुण्याच्या शिवाजीनगरमधली हातकागद संस्था सुती चिंध्यांपासून कागद बनवते. परवडेल तेव्हा चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा सुती कागद घ्यावा आणि त्याचे चार तुकडे करून वापरावेत. वैशाखात इकडे वॉश पसरण्याआधीच वाळतो, तेव्हा कागद मागूनही भिजवून घ्यावा. आषाढात उलट, वाळायची वाट पाहावी लागते. दिवाळीनंतरचे दिवस सर्वांत चांगले: हवा कोरडी आणि ऊन तिरपं. त्या तिरप्या उन्हात कुत्र्याच्या अंगाची घडण सर्वांत स्पष्ट दिसते.

कलाशिक्षकांना एक विनंती आहे. स्मरणचित्राच्या कोपऱ्यात मुलं कुत्रा काढतात तो पाठ केलेला असतो. सुट्टी संपून शाळा भरली, की एका तासाला वर्ग बाहेर न्या आणि शाळेच्या फाटकाशी झोपलेल्या कुत्र्यासमोर, त्याला न छेडता, बसवा. आणि वाचकहो, तुमच्या दारातल्या कुत्र्याचं चित्र काढा, बरं जमो की न जमो. गावठी कुत्र्याचं आयुष्य दहा-बारा वर्षांचं, रस्त्यावर तर त्याहून कमी. चित्राखाली त्याचं नाव आणि तारीख लिहायला विसरू नका.