माठातलं पाणी गार का होतं? विज्ञान घरातून वर्गात

इअरफोन लावलेत ना? आज जरा शाळेत जाऊया.

मी पाचवीला शिकवतो. पहिल्या वर्षी बाष्पीभवन शिकवताना ‘रोजच्या जगण्यातलं उदाहरण’ म्हणून मी एअर कूलर घेतला. विचारलं, कूलर कोणाकडे आहे? चार हात वर आले. बाकीची मुलं खाली बघत बसली. चूक माझीच होती. उदाहरण रोजचं होतं, पण त्यांच्या घरचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विचारलं, माठ कोणाकडे आहे? सगळा वर्ग ओरडला. कधीच न बोलणारी एक मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, “सर, पावसाळ्यात पाणी तेवढं गार होत नाही. असं का?”

मी लगेच उत्तर दिलं नाही. आधी मुलांना अंदाज सांगायला लावले. मग दोन सारख्या बाटल्यांत पाणी भरलं, एकीला ओलं फडकं गुंडाळलं आणि दोन्ही सावलीत वाऱ्यावर ठेवल्या. तासाभराने हात लावला, तर फडक्याची बाटली गार!

आता समजावणं सोपं झालं. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं आणि त्याची वाफ होते. वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार होतं. पावसाळ्यात हवेत आधीच भरपूर ओलावा असतो, त्यामुळे वाफ हळूहळू होते. छिद्रं क्षारांनी बुजली की जुना माठही नीट गार करत नाही.

ही कल्पना काही माझी नाही बरं का. मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. तिथेही मुलं पाठांतराऐवजी आसपासच्या वस्तू घेऊन स्वतः प्रयोग करायची.

मी यातून एक गोष्ट शिकलो. धड्याच्या शेवटी उदाहरण चिकटवून मुलांना गोडी लागत नाही. मुलाला माहीत असलेल्या गोष्टीपासून सुरुवात करायची, आणि प्रश्न त्याला विचारू द्यायचा.

त्या मुलीने दुसऱ्या दिवशी नवा प्रश्न आणला: “माठाला बाहेरून ऑइलपेंट लावला तर?”

उत्तर मी सांगणार नाही. घरातल्या धाकट्या भावंडाला विचारा, आणि दोघं मिळून करून बघा. भेटूया पुढच्या भागात!