दहावीनंतरच्या वाटा (लेखांक ६) : जागा भरपूर, पण कुठे?

२१ मे २०२५ ला अकरावी प्रवेशाचं संकेतस्थळ सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी झोपलं. नेट कॅफेत, महा ई-सेवा केंद्रांत पालक पोरांना घेऊन ताटकळले. शेवटी २६ मेपासून नोंदणी नव्याने सुरू करावी लागली. वर्तमानपत्रांनी सर्व्हरचा यथेच्छ समाचार घेतला. त्या गोंधळात एक मोठा बदल मात्र बातमीच्या तळाशी गेला. तोवर मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशा महानगरांपुरती असलेली केंद्रीय ऑनलाइन पद्धत त्या वर्षी पहिल्यांदा साऱ्या महाराष्ट्राला लागू झाली. सोयगावच्या मुलीला आणि दादरच्या मुलाला आता एकच अर्ज, शंभर रुपये शुल्क आणि जास्तीत जास्त दहा पसंतीक्रम.

राज्यात नऊ हजारांहून अधिक कनिष्ठ महाविद्यालयं, वीस लाखांहून अधिक जागा, आणि अर्ज करणारी मुलं त्याहून कितीतरी कमी. हिशेबाने प्रत्येकाला प्रवेश मिळायला हवा, आणि तो मिळतोही. फेऱ्या संपल्या की जागा लाखांनी उरतात. तरीही छत्रपती संभाजीनगरात जूनमध्ये गप्पांचा विषय एकच असतो : शहरातल्या मोजक्या महाविद्यालयांच्या विज्ञान शाखेचा कट ऑफ कितीला थांबला. जागा उरतात त्या एकीकडे आणि रांग लागते ती दुसरीकडे. हे असं का होतं, ते जिल्ह्याच्या नकाशावर पाहू.

जिल्ह्यात नऊ तालुके. सोयगाव त्यातलं सगळ्यात लांबचं, अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे, खानदेशाच्या अंगाला. तिथल्या माणसाचे पाय बाजारहाटासाठी पाचोरा-जळगावकडे वळतात. जिल्ह्याचं शहर शंभरहून अधिक किलोमीटरवर, मध्ये फर्दापूरनंतरचा अजिंठ्याचा घाट. कन्नड, वैजापूर, सिल्लोड, पैठण ही गावं त्यामानाने जवळ, पण रोज जाऊन-येऊन कॉलेज करावं इतकी जवळ नाहीत.

समजा, यातल्या एका तालुक्यातल्या मुलीला दहावीला चांगले गुण पडले. तालुक्याच्या गावी विज्ञान शाखा असते. नसते ती निवड. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, गणित हा नेहमीचा गट मिळतो. संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा २०० गुणांचा द्विलक्षी विषय घ्यायचा म्हटलं की बहुतेकदा शहराचा रस्ता धरावा लागतो. हा द्विलक्षी विषय दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्या जागी घेता येतो, म्हणून अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांचा त्यावर डोळा असतो. त्याची फी मात्र अनुदानित वर्गातही सहसा वेगळी द्यावी लागते. शहरात यायचं तर खोली आली, मेस आली. शासकीय वसतिगृहाच्या अर्जाला कॉलेजात प्रवेश झाल्याची पावती लागते, आणि पसंतीक्रम भरताना वसतिगृह मिळणार की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं. अशा वेळी घरातला बाप व्यवहारी माणसासारखा वागतो. दहा पसंत्यांपैकी पहिल्या तीन-चार जवळच्याच भरतो. मग पोर्टलच्या नोंदीत त्या मुलीला ‘पहिल्या पसंतीचं महाविद्यालय मिळालं’ अशी खूण होते आणि सरकारी आकडेवारी समाधानी दिसते.

हे सगळं शहरात एकवटलं कसं, याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. सरस्वती भुवन शिक्षण संस्था १९१५ची. १९२३मध्ये निजामाच्या राजवटीत, उस्मानिया विद्यापीठाच्या छत्राखाली, औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, इंटरमीजिएट कॉलेज निघालं. आजचं शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय ते हेच. सप्टेंबर १९४८मध्ये मराठवाडा मुक्त झाला तेव्हा उच्च शिक्षणाची सोय इथे नावापुरतीच होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय १९५०मध्ये औरंगाबादेत काढलं ते याच कारणाने; तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. १९५८ला विद्यापीठ आलं, १९६०मध्ये देवगिरी, १९६३मध्ये मौलाना आझाद महाविद्यालय. राज्याने सत्तरच्या दशकात १०+२+३चा आकृतिबंध घेतला आणि बारावीची परीक्षा सुरू झाली. त्या वेळी अकरावी-बारावी कुठे बसवायची हा प्रश्न होता. प्रयोगशाळा आणि प्राध्यापक जिथे आधीपासून होते तिथे, म्हणजे शहरातल्या महाविद्यालयांत, ती आपसूक बसली.

गावाकडे तेव्हा काहीच नव्हतं असं मात्र नाही. मराठवाड्याची एक खासियत उर्वरित महाराष्ट्राला फारशी माहीत नसते : इथे जिल्हा परिषदेच्या हायस्कुलांची परंपरा आहे. इतरत्र बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषद सातवीपर्यंत पोचवून हात झटकते आणि पुढचं खासगी संस्थांवर सोडते. इथे निजामाच्या काळातल्या सरकारी शाळा पुढे जिल्हा परिषदांकडे आल्या, म्हणून ‘जिल्हा परिषद प्रशाला’ ही पाटी तालुक्या-तालुक्यांत दिसते. दहावीपर्यंतची सार्वजनिक यंत्रणा तयार होती. तिच्यावर विज्ञानाची अकरावी-बारावी चढवणं अवघड नव्हतं. ते पुरेशा जोमाने झालं नाही, इतकंच.

त्याऐवजी जे वाढलं ते विनाअनुदानित आणि, २०१२च्या कायद्यानंतर, स्वयंअर्थसहाय्यित. गावोगावी कनिष्ठ महाविद्यालयं निघाली. काहींना वीस टक्के, चाळीस टक्के असं टप्पा अनुदान मिळतं, काहींना तेही नाही. पूर्ण पगार नसलेला भौतिकशास्त्राचा शिक्षक आणि वर्षातून एकदा, प्रात्यक्षिक परीक्षेच्या सुमारास उघडणारं प्रयोगशाळेचं कपाट, हे दृश्य मराठवाड्यात कुणाला नवं नाही. आझाद मैदानावर अनुदानासाठी बसणाऱ्या शिक्षकांचं दुखणं आणि तालुक्यातल्या मुलीची न झालेली प्रात्यक्षिकं ही एकाच फाइलीतली दोन पानं आहेत.

यातून एक चमत्कारिक व्यवहार जन्माला आला. मेडिकलसाठी ‘नीट’ आली, अभियांत्रिकीला जेईई आणि सीईटी. बारावीचे गुण पात्रतेपुरते उरले. मग कॉलेजात बसायचं कशाला? शहरातल्या क्लासने एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाशी संधान बांधायचं. नाव तिथे, अभ्यास इथे. याला ‘इंटिग्रेटेड’ म्हणतात. नाव खेड्यातल्या महाविद्यालयात आणि मुलगा औरंगपुऱ्यातल्या किंवा कॅनॉटजवळच्या क्लासमध्ये, असा उलटा प्रवासही चालतो. सरकारला हे ठाऊक नाही असं नाही. जून २०१८मध्ये शासनाने मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर आणि औरंगाबाद या विभागांत विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. आदेश निघाला, यंत्रं आली, आणि क्लासही चालूच राहिले.

या व्यवहारात कुणाचं जातं? ज्याला क्लासची फी परवडते त्याचं काहीच नाही. जी मुलगी खरोखर गावातल्या कॉलेजात जाऊन बसते तिचं जातं. पटावर वर्ग भरलेला, बाकांवर रिकामा. मग शिकवणाऱ्याचाही हुरूप जातो. वर माध्यमाची अडचण. नीट मराठीतून देता येते, उर्दूतूनही देता येते. अकरावी-बारावीचं विज्ञान मात्र इंग्रजीतून शिकवलं जातं. सेमी इंग्रजी न घेतलेल्या मराठी शाळेतल्या मुलांचं आणि शहराच्या जुन्या भागातल्या उर्दू शाळांतून आलेल्या मुलामुलींचं अकरावीचं पहिलं सत्र शब्द जुळवण्यातच सरतं.

यावर कुणी म्हणेल, हुशार मुलांसाठी सरकारने वेगळ्या वाटा ठेवल्या आहेतच. आहेत. आणि त्यांतली एक बरीच विचारपूर्वक आखलेली आहे. १९८५-८६मध्ये देशात नवोदय विद्यालयांचा प्रयोग दोन ठिकाणी झाला, हरियाणातलं झज्जर आणि आपलं अमरावती. आपल्या जिल्ह्याचं नवोदय कन्नडला. सहावीला ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांना, एकतृतीयांश मुलींना. राहणं-खाणं-शिकणं फुकट, बारावीपर्यंत. नियम इतका काटेकोर, की तिसरी ते पाचवीत जो मुलगा एक दिवस जरी शहरी शाळेत शिकला तो शहरी धरला जातो. ग्रामीण मुलाला आरक्षण देताना पळवाटा आधीच बुजवायच्या असतात, हे इथे कुणाला तरी सुचलं होतं. अडचण संख्येची आहे : नऊ तालुक्यांना मिळून ८०. शिवाय निवड होते पाचवीत, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या वयात. त्या वयात ज्याच्या गुरुजींनी अर्ज भरून घेतला तो रांगेत, ज्याच्या नाही भरून घेतला तो रांगेतच नाही. ग्रामीण हुशार मुलांसाठी साठच्या दशकात निघालेल्या शासकीय विद्यानिकेतनांपैकी एक याच शहरात आहे. त्याची परीक्षाही त्याच वयात होते.

शहरातली दुसरी नामांकित संस्था म्हणजे सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था, सगळ्यांच्या तोंडी ‘एसपीआय’. १९७७मध्ये राज्य सरकारने ती काढली ती मराठी मुलांचं एनडीएतलं प्रमाण वाढावं म्हणून. अकरावी-बारावीची दोन वर्षं तिथे मुलं घडवली जातात. प्रवेश साऱ्या राज्यातून, परीक्षा आणि मुलाखतीने, मोजक्याच मुलांना. मुलींना तिथे जागा नव्हती, कारण एनडीएतच नव्हती. ऑगस्ट २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दार उघडायला लावलं. २०२३मध्ये मुलींसाठी वेगळी एसपीआय निघाली, पण नाशिकला. मे २०२५मध्ये एनडीएतून मुलींची पहिली तुकडी, सतरा जणींची, बाहेर पडली. संभाजीनगरच्या मुलीला मात्र आपल्याच शहरातली संस्था बाहेरून पाहून नाशिकची गाडी धरावी लागते.

एका परीक्षेवर दारं उघडली तर आत कोण पोचतं, याचं गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कचं. तिथल्या स्टायव्हेसंटसारख्या खास हायस्कुलांत १९७१च्या कायद्याने केवळ एका लेखी परीक्षेवर प्रवेश होतो. २०१९मध्ये स्टायव्हेसंटने देऊ केलेल्या ८९५ जागांपैकी कृष्णवर्णीय मुलांना मिळाल्या सात. प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच होती; तिथवर येण्याची तयारी कोणाची कुठे झाली, हे वेगवेगळं होतं. आपल्याकडे असे आकडे कुणी तालुकावार काढून जाहीर करत नाही. एसपीआयची निवड यादी आणि शहरातल्या मोठ्या महाविद्यालयांची विज्ञान शाखेची यादी तालुक्याप्रमाणे लावून पाहायला फार तर एक दुपार लागेल. अर्ज ऑनलाइन झाल्याने विद्यार्थ्याची शाळा कुठली, हे शिक्षण खात्याच्या संगणकात आता आहेच.

गावच्या शाळेत काही वेगळं रुजतच नाही, असा समज असेल तर गाडीवाटचं उदाहरण पाहावं. शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या या गावातल्या जिल्हा परिषद शाळेने सप्टेंबर २०१९मध्ये मुलांना एखादी परदेशी भाषा निवडायला सांगितली. चौथी ते आठवीच्या बऱ्याच मुलांनी जपानी निवडली. कारण विचारलं तर म्हणाली, रोबोट शिकायचाय. शहरातल्या एका जाणकाराने पैसे न घेता ऑनलाइन शिकवलं. कोरोनाच्या काळात ज्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता त्यांना ज्यांनी धडा पाहिला ती मुलं शिकवत; शाळेने त्यांना ‘विषयमित्र’ म्हटलं. पुढे ३१ जुलै २०२४ला टोयोटा किर्लोस्करने संभाजीनगरात कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला. गाडीवाटची पोरं तेव्हा नववीत किंवा त्याच्याही पुढे पोचली होती. त्यांच्यासाठी अकरावीला जपानीची सोय कुठे होती, हा प्रश्न करारावर सही करणाऱ्यांना पडायला हरकत नव्हती. शाळेचा उपक्रम एका उत्साही शिक्षकावर उभा असतो. तो बदलून गेला की उपक्रमाचंही बिऱ्हाड हलतं.

मुलींच्या बाबतीत तर रस्ता हाच निकाल असतो. कागदावर त्यांच्यासाठी सगळं मोफत : बारावीपर्यंतचं शिक्षण मोफत, ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत. मानव विकास मिशनच्या निळ्या बस फक्त मुलींना शाळा-कॉलेजात पोचवण्यासाठी आल्या, आणि त्या मिशनचं आयुक्तालय याच शहरात आहे. पण बसची वेळ शाळेच्या वेळेला बांधलेली. दुपारी प्रात्यक्षिकाचा तास असेल तर बस आधी निघून गेलेली असते. चारच्या पुढे मुलगी स्टँडवर थांबली तर घरून फोन येतो. विज्ञान सोडून कला शाखा घेतलेल्या कितीतरी मुलींच्या निर्णयामागे गुणपत्रिका नसते, एसटीचं वेळापत्रक असतं.

सोयी आहेत, पण सुट्या सुट्या. इतर मागासवर्गीय आणि भटक्या विमुक्त मुलांना महाज्योती टॅब आणि डेटा देऊन जेईई-नीटचं ऑनलाइन शिक्षण देते. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजनेची रक्कम थेट खात्यात येते. आठवीतल्या हुशार गरीब मुलांना एनएमएमएस परीक्षेतून बारावीपर्यंत वर्षाला बारा हजार मिळतात. प्रत्येकाचं पोर्टल वेगळं, तारीख वेगळी, दाखले वेगळे. ज्या घरात हे सगळं वाचणारं कुणी नाही त्या घरासाठी यातली निम्मी दारं बंदच राहतात.

नाशिक जिल्हा परिषदेने २०२२मध्ये ‘सुपर ५०’ सुरू करून ग्रामीण भागातली मुलं निवडली आणि त्यांची निवासी तयारी करून घेतली. संभाजीनगर जिल्हा परिषदेकडे तर स्वतःच्या प्रशाला आहेत, इमारती आहेत, मैदानं आहेत. तालुक्याला एक प्रशाला निवडून तिथे विज्ञानाची पूर्ण अकरावी-बारावी, चालणारी प्रयोगशाळा, एक द्विलक्षी विषय आणि शेजारी मुलींचं वसतिगृह, एवढं मांडायला नवं धोरण लागत नाही. सुरुवात सोयगावपासून केली तर घाटाचा खर्च आधी वाचेल.

(पुढच्या लेखांकात : आयटीआय आणि किमान कौशल्य अभ्यासक्रम. वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांना हवे असलेले हात कुठे तयार होतात?)