फळीवरचे प्लग

आमच्या मागच्या पडवीत चिऱ्याच्या भिंतीला लागून एक फळी आहे. तिच्यावर जुने स्पार्क प्लग ओळीने उभे आहेत. कुठल्या इंजिनातून आणि कोणत्या साली काढला, ते प्रत्येकाखाली चिकटपट्टीवर लिहिलेलं आहे. वैद्य जीभ बघून पोटाची हालत ओळखतो, तसं प्लगच्या टोकाचा रंग बघून इंजिनाच्या पोटातलं कळतं. फिकट तपकिरी असेल तर प्रकृती उत्तम. काळा आणि ओलसर असेल तर ऑइल जास्त. काळा पण कोरडा, काजळी धरलेला असेल तर हवा कमी पडतेय. पांढराफटक असेल तर इंजिन फार तापतंय.

रत्नागिरीजवळच्या या पडवीत १९८७ पासून मी छोटी इंजिनं दुरुस्त करत आलो. यंदा पावसाआधी फळी पुसायला घेतली, तेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत रंग कसे बदलत गेलेत ते पहिल्यांदाच एका नजरेत आलं.

सुरुवातीचे सगळे प्लग काळे आणि तेलकट आहेत. तो काळ टू-स्ट्रोकचा. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना १९७२ साली आली. ५० सीसीचं इंजिन, जोडीला सायकलसारखी पायडल. त्याच साली बजाजची चेतक आली. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघणारी घरं तेव्हा गावोगाव होती. त्यामुळे गाडी दारात आली की ती घरातल्या माणसासारखीच सांभाळली जायची. या इंजिनांना ऑइलची वेगळी टाकी नसे. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. ते आतल्या बेअरिंगना आणि पिस्टनला वंगण देत जाई आणि शेवटी जळून जाई. पूर्ण न जळलेलं ऑइल कार्बन होऊन प्लगवर, पिस्टनच्या डोक्यावर आणि सायलेन्सरमध्ये बसे. गाडी ओढेनाशी झाली की समजायचं, कार्बन काढायची वेळ झाली.

ते काम मला माझ्या गुरूंनी, आबांनी शिकवलं. हेड उतरवायचं, पिस्टनवरचा कार्बन बांबूच्या कामटीने खरवडायचा. लोखंड लावायचं नाही, ॲल्युमिनियमवर चरा पडतो. सायलेन्सर अंगणात जाळात घालून आतली काजळी जाळायची. रिंग बदलताना आबा माझा हात धरून थांबवत. टू-स्ट्रोकच्या पिस्टनच्या खाचेत एक बारीक पिन असते, रिंगची दोन्ही टोकं बरोबर त्या पिनेपाशी यायला हवीत. नाहीतर रिंग आत फिरते, तिचं टोक सिलिंडरच्या भोकात अडकतं आणि मोडतं. "आधी बोटाला कळू दे, मग डोळ्याने बघ," असं ते म्हणत. आजही रिंग बसवताना मी आधी पिन चाचपतो.

ओळीच्या मध्यावर रंग बदलतो. प्रदूषणाचे नियम २००० पासून कडक होत गेले, तसे टू-स्ट्रोक मागे पडले. २००९च्या डिसेंबरात बजाजने स्कूटर बनवणं थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच दशकात महाराष्ट्र भारनियमनात होरपळत होता. पडवीत येऊ लागले ते जनरेटर. कुणाच्या पिठाच्या गिरणीशेजारचं झेरॉक्सचं दुकान, कुणाच्या घरी दहावीचा मुलगा. त्यांचे प्लग कोरडे काळे आहेत. एक पंखा आणि दोन दिवे एवढ्याच भारावर तासन् तास चाललेलं इंजिन, त्यात धुळीने भरलेला एअर फिल्टर. फिल्टर धुऊन, प्लग साफ करून बहुतेक जनरेटर त्याच दिवशी परत जात. एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला बजावून सांगायचो: जनरेटर उघड्यावरच चालवा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, बंद खोलीत तो झोपलेल्या माणसाला उठू देत नाही.

आणि मग शेवटची दहा-बारा वर्षं. इथले प्लग जवळजवळ कोरे आहेत, दुकानातून आणल्यासारखे. ही इंजिनं ग्रास कटरची आणि आंब्याच्या फवारणी पंपांची. प्लग स्वच्छ, तरीही इंजिन बंद. असं का, ते या फळीसमोर उभं राहिल्यावर मला उमगलं. पूर्वी इंजिनं चालून चालून आजारी पडायची, आता ती बसून बसून आजारी पडतात.

गेल्या नोव्हेंबरात एक तरुण बागायतदार फवारणीचा पंप घेऊन आला. मोहर फुटायला लागला होता, त्याच्या डोळ्यांत घाई दिसत होती. "काका, प्लग नवा टाकला, तरी उठत नाही." मी नेहमीच्या क्रमाने गेलो. पेट्रोलपासून लांब, प्लग इंजिनाच्या अंगाला टेकवून दोरी ओढली: निळी ठिणगी. प्लगच्या भोकावर अंगठा धरला: दाब चांगला. म्हणजे पेट्रोलच पोचत नव्हतं. कार्बोरेटरची वाटी उघडली तर तळाशी पांढरी भुकटी आणि गुळाच्या काकवीसारखा चिकट थर. पंप एप्रिलमध्ये ठेवला तो पेट्रोलसकट, आणि मध्ये कोकणचा अख्खा पावसाळा गेला.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला महाराष्ट्रात २००३ साली सुरुवात झाली, तेव्हा प्रमाण ५ टक्के होतं. २०२२ साली देशभरात ते १० टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. रोज पळणाऱ्या गाडीला त्याचा त्रास सहसा जाणवत नाही, कारण पेट्रोल साठून राहतच नाही. पण सहा महिने कोपऱ्यात पडलेल्या यंत्रात ते पाणी धातूला खातं आणि पेट्रोलचा उडून न गेलेला भाग चिकट होतो. मग मिलिमीटरपेक्षा बारीक भोक असलेला पितळी जेट बुजतो. ग्रास कटरच्या कार्बोरेटरमधला मऊ पडदा सुकल्या पानासारखा कडक होतो.

मी विजेच्या वायरीतली तांब्याची एकच तार काढली. पोलादी तार घातली तर भोक मोठं होतं आणि पेट्रोलचं माप कायमचं बिघडतं. जेट उजेडासमोर धरला, भोकातून गोल प्रकाश दिसला. तिसऱ्या ओढीला पंप सुरू झाला. पोराने हात जोडले, पण मला त्याच्याकडून वेगळंच काही हवं होतं. त्याला बसवून वाटीचा स्क्रू दाखवला: हंगाम संपला की टाकी रिकामी कर, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालव, मग हा स्क्रू सोडून उरलेला थेंबही काढ. दहा मिनिटांचं काम. यंदा मे महिन्यात तो पंप घेऊन आला नाही. फोन करून म्हणाला, "काका, वाटी कोरडी केली."

१ एप्रिल २०२०पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या दुचाकींतून कार्बोरेटर गेला. चेतक नावही आता विजेच्या स्कूटरवर आहे. ही यंत्रं माझ्या पडवीत फारशी येत नाहीत आणि त्याचं मला दुःख नाही. वाईट वाटतं ते चांगली इंजिनं दहा मिनिटांच्या आळसापायी भंगारात जाताना पाहून. ज्या वस्तूने आपल्यासाठी घाम गाळला, तिला विश्रांती देताना नीट निजवायला हवं.

आबांची स्कूटर मी अजून दर रविवारी बंदरापर्यंत नेऊन आणतो. फळी पुसून झाल्यावर तिचाही प्लग काढून बघितला. फिकट तपकिरी. तसा एकही प्लग फळीवर नाही, आणि हाही तिथे जाणार नव्हता. फडक्याने पुसला आणि परत त्याच्या जागी बसवला.