पिवळं कार्ड आणि पोराचं रक्त

सोयरीक जमवताना आपल्याकडं काय काय बघतात, हे मैत्रिणींनो, मी सांगायला नको. घरची शेती, पोराची नोकरी, पोरीचा रंग, कुणी कुणी पत्रिकासुद्धा. रक्त मात्र कुणी बघत नाही. आणि बघितलंच, तर फक्त पोरीचं!

आमचं इस्लापूर किनवट तालुक्यातलं. जवळच पैनगंगा, नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा. गोंडी, कोलामी, बंजारा, तेलुगू अशा सगळ्या भाषा या भागात कानावर पडतात. पूर्व विदर्भ, सातपुडा आणि मराठवाड्याचा काही भाग हा महाराष्ट्रातला सिकलसेलचा पट्टा. प्रधान, माडिया, भिल्ल, पावरा अशा समाजांत शंभरातले वीस ते पस्तीस जण वाहक असल्याचं अभ्यासांत आढळलं आहे. हा काही एकट्या आदिवासींचा आजार नव्हे, इतर समाजांतही तो आहे.

माझ्या ओळखीतल्या एका मुलीची ठरलेली सोयरीक मोडली ती याच्यापायी. शिबिरात रक्त तपासलं, पिवळं कार्ड हातात आलं. आपल्या राज्यात वाहकाला पिवळं आणि रुग्णाला लाल कार्ड देतात. पोराच्या घरी बातमी गेली. पोराचंही रक्त तपासून घ्या, असं कुणीतरी सुचवलं, तर त्याची आई म्हणाली, "आमच्या पोरात काई खोट नाई. त्याचं रगत कशाला तपासायचं?" मुलीच्या मायनं ते कार्ड पेटीत साड्यांच्या खाली दडवून ठेवलं.

मला राग आला तो या 'खोट' शब्दाचा. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा जोडीतला एकच जनुक बदललेला असतो. बाई एरवी धडधाकट असते, शेतात राबते. तिचा नवरा वाहक नसेल (आणि थॅलेसेमियाचाही वाहक नसेल), तर तिच्या एकाही लेकराला हा आजार होत नाही. दोघंही वाहक असले, तरच प्रश्न. मग दर खेपेला चारांत एक शक्यता आजारी लेकराची. इथं बायका एक हिशेब हमखास चुकवतात. "एक आजारी झालं, आता पुढची तीन चांगली," असं धरून चालतात. तसं नसतं हो! प्रत्येक बाळंतपणाला तो डाव नव्यानं मांडला जातो.

आणि ही 'खोट' आली कुठून? केनियात वाढलेल्या अँथनी ॲलिसन या शास्त्रज्ञानं पूर्व आफ्रिकेतल्या मुलांचं रक्त तपासून 1954 मध्ये दाखवून दिलं, की वाहक मुलांना मलेरियापासून संरक्षण मिळतं. जिथं पिढ्यान्‌पिढ्या हिवतापानं लेकरं नेली, तिथं वाहक लेकरं जास्त जगली. म्हणजे त्या मुलीच्या रक्तात जे आहे, त्यानंच तिचे पूर्वज जंगलात तगले असतील. सोयरीक मोडणाऱ्यांना हे कोण सांगणार?

पूर्व आफ्रिकेतलं हे काम पुढं तिथल्याच लोकांनी हाती घेतलं. युगांडात कंपाला इथं मेकेरेरे विद्यापीठ आहे, 1922 मध्ये सुरू झालेलं. तिथल्या बालरोगतज्ज्ञ ग्रेस न्दीझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठी युक्ती केली. एचआयव्ही तपासणीसाठी देशभरातून तान्ह्या बाळांच्या रक्ताचे वाळवलेले थेंब कंपालात येतच होते. त्याच थेंबांवर सिकलसेलची चाचणी केली. जवळजवळ एक लाख बाळं! शंभरात तेरा वाहक निघाली, हजारात सात आजारी. कुठल्या जिल्ह्यात आजार जास्त, हेही कळलं. 2016 मध्ये हे प्रसिद्ध झालं. नव्यानं एकाही बाळाला सुई टोचावी लागली नाही, हे मला फार आवडलं.

पुढं याच विद्यापीठाशी जोडलेल्या मुलागो रुग्णालयात रॉबर्ट ओपोका यांच्या गटानं दोनशेच्या आसपास चिमुकल्यांवर हायड्रॉक्सीयुरिया या औषधाची वर्षभर चाचणी घेतली. औषध जुनं, पण मलेरियाच्या मुलखात त्यानं मलेरिया वाढेल का, ही धास्ती होती. 2017 मध्ये निष्कर्ष आला: मलेरिया वाढला नाही. हिमोग्लोबिन वाढलं, आणि दुखण्याचे झटके, रक्त चढवावं लागणं असे त्रास एकूणात कमी झाले. रात्रभर हातपाय दुखतात म्हणून रडणारं लेकरू ज्या आयांनी मांडीवर घेतलंय, त्यांना याचं मोल कळेल.

हे औषध आपल्याकडंही देतात. मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं, अधूनमधून रक्त तपासावं लागतं. लाल कार्ड असलेल्या बाईनं दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं, कारण गरोदरपणात ते सहसा बंद करतात. अशा बाईचं बाळंतपण जोखमीचं, ते दवाखान्यातच व्हायला हवं.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं लक्ष्य. त्यात पुरुषही आले बरं का! पण मी बघितलेल्या शिबिरात रांगेत बायका, शाळेतल्या पोरी आणि कडेवरची लेकरं. तरणे पोरं समोरच्या चहाच्या टपरीवर. त्यातल्या एकाला विचारलं, तर हसून म्हणाला, "मला काय झालंय बाई?" त्याचं लग्न पुढच्या महिन्यात होतं.