जोडीतला दुसरा

१२ ऑक्टोबर २०२०च्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाण्याची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. एरवी फास्ट लोकल न थांबणारं स्टेशन एवढीच ओळख असलेलं कळवा त्या दिवशी मंत्रालयापर्यंत सगळ्यांच्या तोंडी होतं. ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी कारण सांगितलं ते असं: महापारेषणच्या ४०० केव्ही कळवा-पडघा यंत्रणेत सर्किट एकची देखभाल चालू होती, म्हणून भार सर्किट दोनवर टाकला होता, आणि नेमका त्यातच बिघाड झाला.

म्हणजे दुसरं सर्किट होतंच. पण पहिलं दुरुस्तीला काढलं की उरलेलं एकटंच असतं, तेव्हा ते ‘दुसरं’ राहत नाही. ही साधी गोष्ट कळव्याच्या पलीकडे, त्याच पट्ट्यात, एका अफाट कारागिरीचा पाया आहे.

विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून (पावसाळ्यात तिथे तळं नसेल तर) ठाणे-बेलापूर रस्त्याला लागायचं. दिघा, ऐरोली, रबाळे, महापे. कारखान्यांच्या या रांगेत आता डेटा सेंटरं उभी आहेत. आपण ‘क्लाउड’ म्हणतो तो असल्याच इमारतींत जमिनीला घट्ट चिकटून बसलेला असतो. आत शिरलं की भाषा मात्र जुनी, मेनफ्रेम या अवाढव्य संगणकांच्या जमान्यातली. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ला सिस्टिम/३६० जाहीर केली. तिच्यासाठी तेव्हा लिहिलेले कितीतरी प्रोग्रॅम आजच्या मेनफ्रेमवरही चालतात. रात्री बँकेची ‘बॅच’ लागते आणि आकड्याच्या जागी भलतंच अक्षर आलं की ‘सॉक-सेव्हन’ म्हणत प्रोग्रॅम कोसळतो. मेनफ्रेमवर काम केलेल्याला या नावाने आजही झोपेतून जाग येईल.

पण मला खरी भुरळ पडते ती साठवणीची. फिरणारी डिस्क आज ना उद्या जाणारच, हे इथे गृहीतच धरलेलं असतं. १९८८मध्ये बर्कलेच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी यावर एक निबंध मांडला, त्यातून ‘रेड’ हा शब्द रूढ झाला. एका डिस्कवर ७ लिहा, दुसरीवर ५, आणि तिसरीवर दोघांची बेरीज १२. आता दुसरी जळाली. बारातून सात गेले, पाच परत हातात! प्रत्यक्षात बेरजेऐवजी बिट्सची एक्सॉर नावाची क्रिया असते, पण युक्ती हीच. गंमत म्हणजे तिन्ही डिस्क एकाच कारखान्यातून एकाच खेपेत आल्या असतील, तर त्या एकदमच म्हाताऱ्या होण्याची भीती असते. मुरलेले इंजिनिअर म्हणून खेपा मिसळतात.

डिस्क गेली तर हे झालं. अख्खी इमारतच गेली तर? मग दुसऱ्या इमारतीत जुळी प्रत ठेवायची. दोन गावांतल्या दोन पेढ्यांत एकच नोंद करायची आणि दुसऱ्या पेढीचा ‘लिहिलं’ असा निरोप येईपर्यंत गिऱ्हाइकाला पावती द्यायची नाही, असा हा कारभार. याला सिंक्रोनस रेप्लिकेशन म्हणतात. यात काहीही हरवत नाही, पण वाट पाहावी लागते. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. जुळी इमारत काही किलोमीटरवर असेल तर निरोप मायक्रोसेकंदांत परत येतो. मुंबईहून चेन्नईला जाऊन यायला निदान दहा मिलिसेकंद लागतात. आपल्या लेखी दोन्ही सारखंच, शेअर बाजाराच्या लेखी दहा मिलिसेकंद म्हणजे युग. म्हणून जवळच्या प्रतीची वाट पाहायची आणि लांबची मागाहून भरायची.

राष्ट्रीय शेअर बाजाराची रचना अशीच होती: मुख्य केंद्र वांद्रे-कुर्ला संकुलात, जवळची प्रत कुर्ल्यात, लांबची चेन्नईत. २४ फेब्रुवारी २०२१ला सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबले. मुंबईतल्या दोन केंद्रांना जोडणाऱ्या तारा दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या, तरी दोन्हींत अडथळे आले. बाजाराने नंतर दिलेलं कारण वाचून मुंबईकराला हसावं की रडावं कळेना: वाटेवर चाललेलं खोदकाम आणि बांधकाम. कंपन्या दोन, पण खणणाऱ्याला त्याचं काय!

तार तुटली तरी मुख्य केंद्राने एकट्याने काम चालू ठेवायला हवं होतं. साठवणीची यंत्रणा मात्र अनपेक्षित वागली आणि सर्व्हरना तिच्यापर्यंत पोहोचताच येईना. या क्षेत्रातली जुनी धास्ती अशी: तार तुटताच प्रत्येक जुळ्याला वाटू शकतं की दुसरा मेला, आपणच खरे. दोघेही लिहीत सुटले तर एका बाजाराच्या दोन वेगळ्या वह्या तयार होतील. त्याला ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात. तो टळावा म्हणून तिसऱ्या जागी एक साक्षीदार यंत्र ठेवण्याची पद्धत आहे. त्यात विदा नसते; तार तुटली की कोणी चालू राहायचं, एवढाच कौल ते देतं.

त्या दिवशी बाजार पावणेचारला उघडला आणि पाचपर्यंत चालला. महिनाभरात, २२ मार्चला, सेबीने नियम आवळले: बिघाडानंतर अर्ध्या तासात ‘आपत्ती’ जाहीर करायची आणि पुढच्या पंचेचाळीस मिनिटांत कामकाज दुसऱ्या केंद्रातून चालू करायचं. त्यातला पहिला अर्धा तास माणसांसाठी आहे, हे मला फार समंजस वाटतं.

आणि नुसता नियम पुरत नाही म्हणून तालीम. २ मार्च २०२४च्या शनिवारी, सुट्टी असूनही, बाजार मुद्दाम उघडला. सव्वानऊ ते दहा मुख्य केंद्रातून सौदे झाले, साडेअकरा ते साडेबारा आपत्ती केंद्रातून. १८ मेच्या शनिवारी पुन्हा तशीच तालीम झाली.