पोलादाची साक्ष

अणुविद्युत् केंद्रातील पंप बदलता येतात, नळ बदलता येतात, वाफ तयार करणारी प्रचंड यंत्रेसुद्धा भिंत फोडून बाहेर काढता येतात व त्यांच्या जागी नवी बसविता येतात. परंतु ज्या पोलादी दाबपात्राच्या उदरात अणुइंधन ठेवलेले असते ते पात्र एकदा बसविले की बहुधा अखेरपर्यंत तेच राहते, आणि म्हणून त्याचे आयुष्य हेच व्यवहारतः केंद्राचे आयुष्य ठरते. सुमारे वीस सेंटिमीटर जाडीची त्याची भिंत तीनशे अंशांच्या जवळपास तापलेले पाणी प्रचंड दाबाखाली कोंडून धरीत असते, आणि त्याच वेळी आतून वेगवान न्यूट्रॉनांचा मारा वर्षानुवर्षे सोशीत असते.

हे न्यूट्रॉन स्फटिकरचनेत बसलेल्या लोहाच्या अणूंना जागेवरून ढकलतात. बहुतेक अणू क्षणार्धात कोठे तरी पुन्हा स्थिरावतात, पण काही जागा रिकाम्या उरतात, आणि पोलादात अल्पांशाने असलेले तांबे त्यांच्या आश्रयाने अतिसूक्ष्म गाठी बांधू लागते. जुन्या पात्रांच्या सांध्यांत हे तांबे आले ते वेल्डिंगच्या तारेला गंज चढू नये म्हणून दिलेल्या तांब्याच्या मुलाम्यातून! त्या काळी ती काळजी योग्यच होती. तिचे मोल पुढे मोजावे लागेल हे कोणाच्या ध्यानी येण्याचे कारण नव्हते. अशा रीतीने पोलाद कठीण होते आणि कठीण होता होता ठिसूळही होते. ज्या तापमानाखाली ते न वाकता काचेसारखे तडकते ते तापमान हळूहळू वर सरकते. आणि मग एखाद्या अपघातप्रसंगी तप्त भिंतीवर एकाएकी थंड पाणी पडले, व आतील दाब तसाच राहिला, तर एखादी लहानशी चीरही धावत सुटण्याचा धोका संभवतो.

आता अडचण अशी की चालू पात्राच्या भिंतीचा तुकडा कापून तो तपासणे, म्हणजे ज्याचे रक्षण करावयाचे त्यालाच जखम करणे होय. या अडचणीतून काढलेला मार्ग मला अभियांत्रिकीतील दूरदृष्टीचा एक अत्यंत सुंदर नमुना वाटतो. पात्र घडविताना त्याच पोलादातून आणि तशाच सांध्यांतून लहान लहान तुकडे कापून घेतात, ते धातूच्या कुप्यांत बंद करतात, आणि त्या कुप्या पात्राच्या आत, इंधन व भिंत यांच्या मधल्या जागेत अडकवून ठेवतात. रशियन भाषेत या तुकड्यांना साक्षीदार-नमुने म्हणतात, आणि हे नाव सर्वस्वी यथार्थ आहे. इंधनाला ते भिंतीपेक्षा अधिक जवळ असल्यामुळे भिंतीच्या वाट्याला वीस वर्षांनी येणारा मारा त्यांना कित्येक वर्षे आधीच सोसावा लागतो, आणि पात्राचे भविष्य त्यांच्या अंगावर अगोदर उमटते. सोबत लोह, निकेल, तांबे यांच्या बारीक तारा असतात. त्यांत निर्माण झालेल्या किरणोत्सर्गावरून किती न्यूट्रॉन आले याचा हिशेब लागतो. ठराविक अंशांवर वितळणाऱ्या मिश्रधातूंचे तुकडेही असतात, आणि ते वितळले की नाही यावरून कुपीचे तापमान किती चढले होते ते कळते.

ठरल्या मुदतींनी एकेक कुपी बाहेर काढतात. जाड शिसेयुक्त काचेमागच्या बंदिस्त खोलीत, यांत्रिक हातांनी ती उघडून नमुने लोलकासमोर ठेवले जातात. हे यंत्र शार्पी या फ्रेंच अभियंत्याच्या नावाने ओळखले जाते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्याचे मूळ तत्त्व बदललेले नाही. पंचावन्न मिलिमीटर लांब, दहा मिलिमीटर रुंद व तितकाच जाड असा नमुना, त्याच्या मध्यावर दोन मिलिमीटर खोल खाच. जड लोलक वरून सुटतो, नमुना मोडतो, आणि पलीकडे लोलक किती कमी उंच गेला यावरून मोडण्यात किती ऊर्जा खर्ची पडली ते समजते. नमुना इष्ट तापमानाला आणून तेथून उचलल्यावर पाच सेकंदांच्या आत मोडला पाहिजे, एवढी ही शिस्त कडक आहे. मोडलेले अंग चकचकीत व कणीदार दिसले तर पोलाद ठिसूळ, मंद व तंतुमय दिसले तर चिवट. एक्केचाळीस जूल ऊर्जेची पातळी नव्या नमुन्याने कोणत्या तापमानाला गाठली होती आणि मारा सोसलेल्याने कोणत्या, या दोहोंतील अंतर म्हणजे पात्राच्या वार्धक्याचे माप.

ही साक्ष वेळीच ऐकली तर काय साधते ते फिनलंडमधील लोविसा येथे दिसले. १९७७ साली चालू झालेल्या तेथील पहिल्या भट्टीतील नमुन्यांनी, ठिसूळपणा अपेक्षेपेक्षा लवकर वाढत असल्याचे १९८० मध्येच सांगितले. तेव्हा कडेच्या ३६ इंधनजुड्या काढून त्या जागी पोलादी जुड्या बसविल्या, भिंतीवरचा मारा कमी केला, आणि १९९६ साली पात्राचा दुर्बल सांधा सुमारे ४७५ अंशांपर्यंत तापवून त्याचा चिवटपणा बऱ्याच अंशी परत मिळविला. ती भट्टी पुढे दशकानुदशके वीज देत राहिली.

याच्या उलट अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधल्या यांकी रो केंद्राची कैफियत. १९६० साली वीज देऊ लागलेल्या या केंद्रात साक्षीदार-नमुन्यांचा उपक्रम आरंभीच्या काही वर्षांतच बंद पडला होता, आणि पात्राच्या सांध्यांत तांबे नेमके किती याचा खात्रीचा तपशील दप्तरात नव्हता. परवान्याची मुदत वाढवून घेण्याची तयारी चालली असताना हा प्रश्न पुढे आला. पात्र धोकादायक झाले आहे असे सिद्ध झालेले नव्हते; पण ते सुरक्षित आहे हे सिद्ध करण्यास लागणारा पुरावाही हाती नव्हता. ऑक्टोबर १९९१ मध्ये केंद्र थांबले, आणि फेब्रुवारी १९९२ मध्ये ते कायमचे बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला.

आपल्याकडील बहुसंख्य अणुभट्ट्या दाबनलिकांच्या असल्यामुळे त्यांत असे एकसंध जाड पात्र नसते. पण १९६९ साली तारापूरला चालू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्यांत ते आहे, आणि त्यांतील नमुन्यांची जबानी ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात नोंदली गेली आहे. असे नमुने मोजकेच असतात, नवे करता येत नाहीत. परंतु मोडलेल्या अर्ध्या तुकड्याला दोन्ही बाजूंस नवे पोलाद जोडून तो पुन्हा लोलकासमोर ठेवता येतो. म्हणून ज्यांच्या ताब्यात असे तुकडे व त्यांच्या नोंदवह्या आहेत, त्यांनी, मग ते कोणत्याही देशातले असोत, जागेच्या टंचाईचे निमित्त करून त्यांतील एकही निकालात काढू नये.