फुल फ्रेमचा मोह आणि टिपेश्वरचा वाघ

दिवाळीनंतर कापसाचे पैसे घरात येतात, लग्नाच्या ऑर्डरींचे अ‍ॅडव्हान्स सुरू होतात आणि नेमका त्याच वेळी टिपेश्वरच्या सफारीचा सीझन रंगात येतो. मग कॅमेरावेड्यांच्या प्रत्येक ग्रुपवर एकच विषय: "भाऊ, आता फुल फ्रेमवर जायचं!" तुमच्याकडे तीन-चार वर्षं वापरलेला क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर आहे, सोबत ७०-३०० किंवा ५५-२५० लेन्स आहे आणि कसेबसे साठ-सत्तर हजार जमलेत? मग पैसे देण्याआधी पाच मिनिटं थांबा. एवढी रक्कम घरी दुसऱ्यांदा मागता येत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

सध्या हा मोह जास्त होतोय, त्याला कारण आहे. मोठे फोटोग्राफर एकामागोमाग मिररलेसवर गेले आणि त्यांचे जुने फुल फ्रेम डीएसएलआर सेकंडहँड बाजारात आले. निकॉनचा डी ७५०, कॅननचा ६ डी, ५ डी मार्क थ्री ही नावं आपण शाळेत असताना स्वप्नात बघायचो. आता ती आवाक्यात आलीत. पण आवाक्यात आलं म्हणजे आपल्या कामाचं आहेच, असं नाही.

फुल फ्रेम म्हणजे काय ते पटकन बघू. सेन्सरचा आकार ३६ बाय २४ मिलिमीटर, जुन्या रोलच्या फ्रेमएवढा. तुमच्या क्रॉप कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६, कॅननचा त्याहून किंचित लहान. म्हणजे फुल फ्रेमचं क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून जास्त. मोठी खिडकी, जास्त उजेड. इथपर्यंत दुकानदार सांगतो ते खरंच आहे.

आता सुन्ना गेटमधून आत चला. समजा ६० मीटरवर, म्हणजे साधारण दोनशे फुटांवर, वाघ आडवा उभा आहे. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत तो सहा फूट धरू. तुमच्या लेन्सवर ३०० एमएम लावलंय. या लेन्समधून वाघाची सेन्सरवर पडणारी प्रतिमा असते ९ मिलिमीटर लांब. कॅमेरा कुठलाही असो, ९ म्हणजे ९. तो आकार लेन्स आणि अंतर ठरवतात, बॉडी नाही. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर या ९ मिलिमीटरमध्ये साधारण २३०० पिक्सेल बसतात. २४ मेगापिक्सेलच्याच फुल फ्रेमवर बसतात १५००.

पुन्हा एकदा वाचा. साठ हजार खर्च करून वाघ लहान झाला!

मग तुम्ही घरी येऊन लॅपटॉपवर क्रॉप करणार. क्रॉप केलं की मोठ्या सेन्सरचा कडेचा सगळा भाग फेकला जातो आणि उजेडाचा जो फायदा विकत घेतला होता तोही त्याच्यासोबत जातो. आपली जुनीच फ्रेम उरते, पिक्सेल मात्र कमी. वाइल्डलाइफमध्ये फुल फ्रेमची जादू तेव्हाच चालते, जेव्हा प्राणी फ्रेम भरून असतो. आणि ३०० एमएमवर तो बहुतेक वेळा नसतो.

आता तेच पैसे लांब लेन्सला लावा. क्रॉप बॉडी जुनीच, समोर टॅमरॉन किंवा सिग्माची १५०-६००, टोकाला ६०० एमएम. तोच वाघ, तेच अंतर, प्रतिमा १८ मिलिमीटर, पिक्सेल ४६००. पट्टे मोजता येतील असा फोटो. आणि हे फक्त इन्स्टासाठी नाही बरं का. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि कुशीचा स्पष्ट फोटो असेल तरच तो वाघ कोणता ते ओळखता येतं. आपल्या टिपेश्वरचा एक वाघ २०१९ मध्ये तेलंगणातून फिरत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगापर्यंत गेला. त्याच्या गळ्यात कॉलर होती म्हणून ते कळलं. बाकीच्यांच्या अंगावर फक्त पट्टेच असतात.

"दादा, अजून थोडी पुढे घ्या ना"

लेन्स तोकडी पडली की काय होतं, ते जिप्सीत बसलेल्या प्रत्येकाने ऐकलंय. मागच्या सीटवरून आवाज येतो, "दादा, अजून थोडी पुढे घ्या ना." ड्रायव्हरदादा आणि गाइड दोघंही नियमात अडकलेले, पण पर्यटक नाराज व्हायला नको म्हणून गाडी सरकते. मागची जिप्सीही सरकते. रस्ता ओलांडायला निघालेली वाघीण परत सागाच्या पानांत शिरते. टिपेश्वर १४८ चौरस किलोमीटरचं, तसं लहान जंगल. इथे प्राण्याला अंतर देण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे तुमच्या हातातलं फोकल लेंग्थ. माझ्या मते लांब लेन्स घेण्याचं हे एकच कारणसुद्धा पुरेसं आहे.

लांब लेन्सचेही नखरे आहेत. या झूम लेन्स दोन किलोच्या आसपास भरतात, हात भरून येतो. ६०० एमएमवर अ‍ॅपर्चर एफ ६.३, म्हणजे पहाटे आयएसओ वर चढणारच. टोकाला फोटो जरा मऊ येतो. उजेड असेल तर एफ ८ करा, फरक दिसतो. निकॉनवाल्यांसाठी २००-५०० एफ ५.६ हाही चांगला पर्याय. आणि एप्रिल-मे महिन्यात सकाळी नऊनंतर जमिनीवरची हवा लहरायला लागली की लाखाची लेन्सही हरते. तेव्हा दूरच्या वाघाचा नाद सोडून जवळच्या पाणवठ्यावरचे पक्षी टिपा.

मग फुल फ्रेम घ्यायचाच नाही?

घ्या ना. पण कशासाठी ते ठरवून. डिसेंबरात गेट उघडल्यावरची पहिली अर्धी-पाऊण तास, धुकं आहे, उजेड नाही, आणि अस्वल रस्त्यालगत वीस मीटरवर दिसलं. इथे फुल फ्रेम खरंच जिंकतो. त्याच पिढीचा क्रॉप कॅमेरा आयएसओ २८०० ला जेवढा नॉइज देईल, तेवढा फुल फ्रेम ६४०० ला देतो. जंगलासकट प्राणी दाखवणारे रुंद फोटो हाही त्याचाच प्रांत. मात्र नॉइज काढणारी एआय सॉफ्टवेअर आता इतकी सुधारलीत की हे अंतर पाच वर्षांपूर्वी होतं तेवढं राहिलेलं नाही.

दुसरं कारण जास्त व्यवहारी आहे: लग्नं. आपल्यातले बरेच जण जंगलाचा खर्च मंगल कार्यालयात काढतात. पिवळ्या बल्बांखालचा हॉल, रात्रीची वरात, सहा बाय सहाच्या खोलीत मेकअप करणारी नवरी, इथे फुल फ्रेम आणि एक ५० एमएम एफ १.८ तुमचं काम निम्म्याने सोपं करतात. कॅमेऱ्याचा हप्ता कॅमेऱ्यानेच फेडायचा असेल, तर डी ७५० घेणं चूक नाही. फक्त तो वाघासाठी घेतलाय असं स्वतःला सांगू नका.

एक खड्डा मात्र बघून चाला. कॅननची ५५-२५० ही ईएफ-एस लेन्स आहे, ती ६ डी किंवा ५ डीवर बसतच नाही. म्हणजे बॉडी घेतली आणि लेन्स कपाटात. निकॉनची डीएक्स लेन्स फुल फ्रेमवर बसते, पण कॅमेरा क्रॉप मोडमध्ये जातो आणि २४ मेगापिक्सेलचे १० उरतात. बॉडी बदलणं म्हणजे बहुतेक वेळा लेन्सही बदलणं, आणि तो आकडा बजेटमध्ये कुणी धरत नाही.

लांब लेन्स आधीच हातात असेल आणि आता बॉडीच बदलायची असेल, तर निकॉनचा डी ५०० किंवा कॅननचा ७ डी मार्क टू बघा. दोन्ही क्रॉपच, दोन्ही सेकंदाला १० फ्रेम मारतात. डी ७५० साडेसहा मारतो, जुना ६ डी साडेचार, तोही ११ फोकस पॉइंटवर. हिवाळ्यात निळोणा किंवा बेंबळा धरणावर उडत्या बदकांमागे कॅमेरा फिरवून बघा, फरक तुमचा तुम्हाला कळेल. डी ८५० मध्ये क्रॉप मोडलाही १९ मेगापिक्सेल मिळतात, दोन्ही जगं एकात. पण बजेटच्या गोष्टीत तो पाहुणा कलाकार, जाऊ द्या.

भाव मी मुद्दाम लिहीत नाही, ते दर महिन्याला हलतात. सेकंडहँड घेताना काय बघायचं ते सांगते. शटर काउंट आधी विचारा. डी ७५० चं शटर दीड लाख क्लिकसाठी टेस्ट केलेलं आहे, ६ डीचं एक लाखासाठी. लग्नवाल्याकडून आलेली बॉडी तिथवर पोहोचलेली असू शकते. डी ७५० च्या सुरुवातीच्या काही कॅमेऱ्यांच्या शटरमध्ये दोष निघाला होता आणि निकॉनने ते मोफत बदलून दिले, म्हणून सीरियल नंबर तपासा आणि शटर बदललंय का तेही विचारा. लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून आत बघा: कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, सरळ नाही म्हणा. आपल्याकडचे जुलै-ऑगस्ट तिला फार मानवतात, म्हणून घेतल्यावर हवाबंद डबा आणि सिलिका जेल हवंच. बिल नाही तर व्यवहार नाही. फोनवर पैसे आधी पाठवायचे नाहीत, कितीही गोड बोलला तरी.

शक्य असेल तर आधी भाड्याने घ्या. नागपूरला अशा लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. दोन दिवसांची १५०-६०० आणा, मित्र जमवून जिप्सी सहा जणांत वाटून घ्या, एक सकाळ टिपेश्वर, एक संध्याकाळ निळोणा. घरी आल्यावर फोटो शंभर टक्के झूम करून बघा. जिप्सीत ट्रायपॉड चालत नाही, म्हणून जुन्या जीन्सचा एक पाय कापून शिवून घ्या आणि गेटवर पोहोचायच्या आधी त्यात दोन-तीन किलो तूर भरा. दारावर ठेवलेली ती पिशवी कुठल्याही महागड्या बीनबॅगएवढीच घट्ट बसते, आणि सीझन संपला की तूर परत डब्यात.